बोरजईची फेरमोजणी

बोरजईच्या रानात बलभीमचं डोकं फुटलं, तेव्हा भुवनेश्वरी त्याच्यापासून सहा पावलांवर उभी होती.

ती भूकरमापक. जमीन मोजून हद्द दाखवणारी सरकारी बाई. धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या मोजणी कार्यालयात तिची नऊ वर्षं नोकरी झालेली. खेड्यापाड्यांतले लोक म्हणायचे, "ती मुकी बाई आली तर बरं. बोलत न्हाय, पर रेघ सरळ मारती." मुकी ती नव्हती. पण समोरच्याशी काय बोलायचं हे ती सकाळी एसटीत बसल्यापासून मनात घोकत यायची. कुणी हसलं की आपण किती हसायचं, साहेब ओरडले की मान किती खाली घालायची, हे सगळं तिनं लहानपणापासून बघून बघून पाठ केलेलं होतं. आपल्याला असं पाठ करावं लागतं, इतरांना लागत नाही, हे तिला वयाच्या बत्तिसाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं. तिला वाटायचं, सगळेच घोकत असतील.

बलभीम आणि कृष्णराज चुलतभाऊ. दोघांच्या रानांमध्ये एक बांध. तो बांध गेली पंधरा वर्षं दर नांगरटीला ओंजळभर सरकत होता आणि दर वर्षी त्याच्यावरून शिवीगाळ, एकदा दगडफेक, एकदा बैलाच्या पायावर कोयता, एवढं झालं होतं. शेवटी बलभीमनं मोजणीचा अर्ज केला. चैत्रातली सकाळ होती, रानं मोकळी होती. भुवनेश्वरीनं जुन्या नकाशावरून खुणा धरल्या, तिचा मदतनीस धुळाप्पा फक्की मारत पुढं गेला. चुन्याची ती पांढरी रेघ कृष्णराजच्या बांधापासून बरीच आत, त्याच्याच वखरलेल्या मातीतून गेली. आता कुणालाही दिसत होतं.

भांडणाच्या रानात आकडा तोंडानं बोलायचा नाही, ही या कामातली न लिहिलेली रीत. कुणी विचारलं तर 'लेखी कळंल' म्हणायचं, साहित्य गाडीत टाकायचं आणि निघायचं. भुवनेश्वरीला रीत माहीत होती. पण कुणी सरळ प्रश्न विचारला की तिच्याकडून सरळ उत्तर निघून जायचं.

"बाई, खरं सांगा," कृष्णराज म्हणाला. "किती गेलाय माझा बांध त्येच्यात?"

"चार फूट दोन इंच."

धुळाप्पा मुद्दाम खोकला. उशीर झाला होता. बलभीम मांडीवर थाप मारून हसला. कृष्णराजचा बाप जाऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं, आणि बलभीम त्याच्या तोंडावर म्हणाला, "ऐकलंस का? जा, आता बापाला उकरून आण वर. इचार त्याला, चोरी कुणी शिकवली तुला!"

खुणेचा दगड रोवायला आणलेली पहार बांधाला टेकून ठेवलेली होती. कृष्णराजनं ती उचलली. पहिला घाव कानाच्या वर बसला. भरलेलं पोतं माडीवरून फरशीवर पडावं तसा आवाज झाला. बलभीम गुडघ्यांवर आला, त्यानं एक हात वर केला, जणू थांब म्हणतोय. दुसरा घाव त्या हातासकट डोक्यात गेला. तिसऱ्या वेळी धुळाप्पानं मागून मिठी घातली आणि पहार ढेकळात रुतली. भुवनेश्वरीच्या हातातल्या नकाशावर रक्ताचे सात थेंब उडाले होते. ती ते बघत राहिली. बायका ऊर बडवत धावत आल्या, कुणीतरी जीप आणली. धाराशिव यायच्या आत बलभीम गेला.

फौजदारानं तिचा जबाब तिथंच घेतला. कोण कुठं उभं होतं, कोण काय बोललं, पहिल्या आणि दुसऱ्या घावात किती वेळ गेला, सगळं तिनं सांगितलं. फौजदार लिहिता लिहिता थांबला आणि तिच्या तोंडाकडं बघत म्हणाला, "तुम्ही लई घट्ट काळजाच्या दिसता, मॅडम."

त्यानंतर सव्वीस दिवस ती रोज कामावर गेली.

ऑफिसात कारकून अनिरुद्ध होता. वाईट नव्हता, पण जिभेला हाड नव्हतं. तो चहा पिता पिता म्हणायचा, "मॅडमच्या चार फुटांनी माणूस खाल्ला." ती हसायची, कारण इतर हसत होते. त्या सव्वीस दिवसांत तिच्यातल्या गोष्टी एकेक करून बंद पडत गेल्या. आधी ट्यूबलाइटचा आवाज सहन होईना. मग साडीच्या काठाचा स्पर्श. मग भाजी निवडताना मेथी कुठली आणि कोथिंबीर कुठली, हे ओळखायला वेळ लागू लागला. एसटीतून उतरल्यावर खोलीकडं डावीकडं वळायचं की उजवीकडं, हे तिला एकदा पंधरा मिनिटं आठवलं नाही. ती स्टँडसमोर रसवंतीच्या घुंगरांच्या आवाजात उभी राहिली आणि स्वतःच्या मनगटाला चावत राहिली.

सत्ताविसाव्या दिवशी बैठक होती. ऑफिसच्या प्रमुख चारुशीला मॅडम टेबलावर फायली आपटत एकेकाला झाडत होत्या. "भुवनेश्वरी, तुझी किती प्रकरणं बाकी?"

तिनं तोंड उघडलं. आकडा माहीत होता, चौदा. पण शब्द आलाच नाही. मॅडमनी पुन्हा विचारलं, मोठ्यानं. कुणीतरी खुर्ची ओढली. भुवनेश्वरी उठली आणि लोखंडी कपाटावर कपाळ आपटू लागली. एकदा, दोनदा, पाचदा. कपाटाचं दार चेपलं, तिच्या भुवईतून रक्त गळ्यापर्यंत आलं. अनिरुद्धनं धावत येऊन मागून तिच्या कमरेला विळखा घातला. चांगल्यासाठीच घातला. पण त्या विळख्यानं तिच्या अंगात असा वणवा पेटला की ती वळली आणि त्याच्या हाताला कडकडून चावली. दात हाडाला लागले तेव्हा सोडलं.

तिला न्यायला उमरग्याच्या बाजूनं तिचे वडील आले. शरणबसप्पा, जिल्हा परिषद शाळेचे निवृत्त हेडमास्तर. तीस वर्षं पोरांना छडीनं सरळ केलेला माणूस. मुलगी जीपमध्ये मागच्या सीटवर पाय पोटाशी घेऊन पडली होती. त्यांनी वाटेत तीनदा विचारलं, "भुवना, काय झालं सांग की?" तिनं एकदाही तोंड उघडलं नाही.

घरी दोन महिने असेच गेले. ती खोलीतून बाहेर येईना, दोन-दोन दिवस जेवेना, अंघोळ करायची म्हटलं की बादलीसमोर नुसती बसून राही. आई गिरिजाबाईनं नवस बोलून पाहिले, येरमाळ्याला जाऊन येडाईची ओटी भरून आली. शेजारणी म्हणाल्या, खून बघितला ना, धसका घेतला पोरीनं. एका सकाळी स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. दुसरी झाली. तिसऱ्या शिट्टीला भुवनेश्वरी खोलीतून धावत आली, पेटत्या गॅसवरचा कुकर उघड्या हातांनी उचलला आणि अंगणात भिरकावला. झाकण उडालं, उकळती डाळ गिरिजाबाईच्या पायावर सांडली. आई किंचाळली. आणि शरणबसप्पांनी मोठ्या झालेल्या मुलीच्या थोबाडीत पहिल्यांदाच मारली. एक, मग दुसरी. ती खाली पडली आणि भाजलेल्या तळहातांनी स्वतःच्याच कानशिलांवर मारत सुटली, बापानं मारलं होतं त्याच्या दहापट जोरात, दहापट वेळा.

शरणबसप्पा हात तसाच वर धरून उभे राहिले. मग ते भिंतीशी बसले आणि हुंदके देऊ लागले. गिरिजाबाई पाय पाण्यात धरून नवऱ्याला म्हणाली, "रडू नका. गाडी सांगा सोलापूरला. देवाचं झालं, आता डॉक्टरचं बघू."

सोलापूरची डॉक्टरीणबाई घाई करणारी नव्हती. तिनं चार खेपा घेतल्या. लहानपणचं विचारलं. मुलगी एकटीच दगड ओळीनं लावत बसायची का, कुशीत घेतलं की ताठ व्हायची का, शाळेच्या घंटेला कान झाकायची का. शरणबसप्पा म्हणाले, "व्हय. त्यासाठी मी छडी दिलीया तिला. घंटेला कान झाकती म्हणून." डॉक्टरीणबाईनं ते लिहून घेतलं. मग म्हणाली, "हिला ऑटिझम आहे. जन्मापासून आहे, आजार नाही. इतरांना जे न ठरवता जमतं, ते ही रोज ठरवून करत आलीय. बोलणं, हसणं, गोंगाट सोसणं. त्यात माणूस असा जळून जातो. याला ऑटिस्टिक बर्नआउट म्हणतात."

"म्हणजे त्या खुनानं न्हाय?"

"खुनानं शेवटचं ढकललं. पण कड्यावर ती आधीच आली होती."

घरी आल्यावर शरणबसप्पांनी कुकर माळ्यावर टाकला आणि बायकोला पातेल्यात डाळ शिजवायला सांगितली. दाराची कडी वाजते म्हणून तिला चिंधी गुंडाळली. आठ दिवसांनी शेजारच्या घरात बारशाला मोठमोठे स्पीकर लागले. शरणबसप्पा आधी हात जोडून गेले. मग पुन्हा गेले. तिसऱ्या वेळी गेले तेव्हा हातात सागवानी काठी होती. एका स्पीकरची जाळी त्यांनी फोडून काढली, दुसरा लाथेनं ओट्यावरून खाली पाडला, आणि मध्ये आलेल्या यजमानाच्या खांद्यावर असा तडाखा दिला की तो महिनाभर हात वर करू शकला नाही. पोलीस ठाण्यात एकाहत्तर वर्षांचा हेडमास्तर बाकावर बसून म्हणाला, "मारलं मी. लिहून घ्या. माझी पोरगी झोपली होती."

भुवनेश्वरीला हे नंतर कळलं. तिला वडिलांचा अभिमान वाटला नाही, रागही आला नाही. त्या काळात तिला काहीच वाटत नव्हतं. सहाव्या महिन्यात ती पहाटे रानाच्या कडेनं चालू लागली. आठव्या महिन्यात वाक्यं आली, तुटकी. अकराव्या महिन्यात तिनं वडिलांना विचारलं, "अप्पा, माझी रजा किती उरली?" गिरिजाबाई म्हणाली, "नगं जाऊस अव्वा, घरी बस." ती म्हणाली, "घरी बसून मला येत नाही. मोजायला येतं."

कामावर हजर व्हायच्या दिवशी ती एक कागद घेऊन गेली. त्यावर लिहिलं होतं : खोली शांत हवी, कानात आवाज रोखणारे बोळे घालू द्यावेत, फोन घेणार नाही, लिहून विचारावं, मागून कुणी हात लावू नये. चारुशीला मॅडमनी तो वाचला, चष्मा काढला. "हे सरकारी ऑफिस आहे, भुवनेश्वरी. इथं लोक ओरडतच येतात."

"हो. म्हणून लिहून आणलं."

मॅडम वैतागल्या. पण माणसं कमी होती आणि जुने नकाशे संगणकावर चढवायचं काम दोन वर्षं पडून होतं. त्यांनी तिला मागची अभिलेखांची खोली दिली. तिथं कापडावर चिकटवलेले निजामाच्या वेळचे नकाशे होते, कोपऱ्यांत उर्दू अक्षरं. आठवडाभर कुणी त्रास दिला नाही. फक्त पहिल्या दिवशी ती आत आली तेव्हा अनिरुद्ध हाताला वेल्डिंगवाल्याचा कातडी मोजा घालून बसला होता. सगळे खिदळले. भुवनेश्वरी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तुम्हाला चावले. किती टाके पडले?"

"चार," तो ओशाळून म्हणाला.

"माफ करा. मला मागून धरू नका." एवढं बोलून ती खोलीत गेली. अनिरुद्धनं मोजा टेबलाखाली टाकला. नंतर तो तिच्याविषयी बोलायचा तेव्हा आवाज कमी करून बोलायचा. बोलायचा मात्र.

ऑगस्ट संपता संपता बलभीमची बायको आली. लक्ष्मीबाई. चाळिशीची, काटक, कपाळ मोकळं. बोरजईची मोजणी खुनामुळं अर्धवट राहिली होती आणि कृष्णराज जामिनावर सुटून गावात परत आला होता. बांध होता तिथंच होता. लक्ष्मीबाई बाहेर कुणाला विचारत बसली नाही. ती थेट मागच्या खोलीत शिरली. भुवनेश्वरीला ओळखायला तिला क्षण लागला. मग तिनं पायातली चप्पल काढली.

पहिली चप्पल गालावर बसली, दुसरी कानावर. "तुज्या जिभंनं गेला माझा माणूस! एका शबुदानं!" तिसरी, चौथी. भुवनेश्वरी भिंतीला टेकली, हात वर केले नाहीत. तिच्या ओठातून रक्त आलं. बाहेरून अनिरुद्ध धावत आला, दारातच थांबला आणि ओरडला, "अहो बाई, सोडा, त्या आजारी आहेत!"

"आजारी नाही," भुवनेश्वरी म्हणाली.

लक्ष्मीबाईचा हात थांबला. ती धापा टाकत होती. चप्पल हातातच होती. मग तिनं वेगळ्याच, खालच्या आवाजात विचारलं, "तुमी तिथं व्हता. शेवटाला काय म्हणाले ते? मला कुणीच सांगत न्हाय. दीर म्हणतो काय बोललेच न्हाईत, गरीब गाईवानी उभे व्हते."

कुठलाही माणूस इथं खोटं बोलला असता. भुवनेश्वरीला तेवढं समजत होतं. आपल्या सरळ उत्तरानं काय झालं होतं, हेही ती विसरली नव्हती. तिनं ओठावरचं रक्त पुसलं. मग म्हणाली, "खरं सांगितलं तर तुम्हाला लागेल. विचारताय का तरीही?"

"सांगा."

भुवनेश्वरीनं सांगितलं. बलभीमची थाप, हसू, बापाला उकरून आणायचं बोलणं, शब्दाला शब्द. "मग पहिला घाव. मग त्यांनी हात वर केला. बोलले नाहीत. ओठ हलले, पण मला ऐकू आलं नाही. ते मी सांगू शकत नाही."

लक्ष्मीबाई जमिनीवर बसली. चप्पल बाजूला पडली. "व्हय," ती म्हणाली. "असंच बोलायचे ते. मलाबी असंच बोलायचे." ती रडली नाही. पदरानं तिनं चप्पल पुसली, पायात घातली. जाता जाता दारातून म्हणाली, "फेरमोजणीला तुमीच या. दुसरं कुणी आलं तर मी सही करणार न्हाय. तुमी खोटं बोलत न्हाई."

चारुशीला मॅडमनी ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "तुला पाठवलं आणि पुन्हा काही झालं तर मला जबाब द्यावा लागेल." भुवनेश्वरी म्हणाली, "पोलीस द्या. धुळाप्पा मामा द्या. आणि तिथं मी बोलणार नाही. छापील कागद देईन." तिला जायचं होतं का? डॉक्टरीणबाईनं फोनवर लिहून तेच विचारलं. तिनं उलट लिहिलं, काम अर्धं राहिलंय, ते माझ्या डोक्यात सारखं वाजतंय.

सोयाबीन निघालं आणि हरभऱ्याच्या पेरणीआधी चार दिवस रानं मोकळी झाली, तेव्हा तारीख लागली. तीन पोलीस, त्यांत एक बाई. आता मोजणीचं जुनं तिपाईवरचं प्लेन टेबल नव्हतं, काठीवर बसवलेलं उपग्रहाचं यंत्र होतं. टेकवायचं, थांबायचं, नोंद घ्यायची. पाच ठिकाणी टेकवायचं होतं. धुळाप्पानं काठी धरली. त्यानं या वेळी पहार आणली नव्हती. "खुणंचे दगड नंतर रोवू, ताई," तो म्हणाला. "लोखंड नगं आज."

एका अंगाला कृष्णराजची भावकी, दुसऱ्या अंगाला बलभीमचा भाऊ आणि त्याची माणसं, मध्ये लक्ष्मीबाई एकटी. कृष्णराज खंगला होता. तिसरी नोंद झाली तेव्हा तो पुढं आला, हात पाठीमागं बांधून. "बाई, किती?"

भुवनेश्वरीच्या घशापर्यंत उत्तर आलं. तिनं दात आवळले आणि छापील कागद पुढं केला. 'हद्द लेखी कळवण्यात येईल.' कृष्णराजनं तो वाचला, दोन तुकडे केले. "तवा मातर लई तोंड चाललं तुमचं."

"तोंड तुझं चालतंय रं खुन्या!" बलभीमचा भाऊ ओरडला आणि त्यानं ढेकूळ उचलून मारलं. ते कृष्णराजच्या छातीवर फुटलं. पुढचा दगड होता. मग दोन्हीकडून दगडच दगड. एक धुळाप्पाच्या टाळूवर बसला. म्हातारा काठी न सोडता खाली बसला, त्याची टोपी लाल होत गेली. कृष्णराजला तिघांनी खाली पाडलं आणि एकानं त्याच्या कोपरावर बुटासकट उडी मारली. हाड मोडल्याचा आवाज शिट्टीसारखा सगळ्या गोंधळातून स्पष्ट आला. पोलीस लाठ्या चालवत होते, शिव्या, किंकाळ्या, कुत्री.

भुवनेश्वरीचे कानातले बोळे कधी पडले तिला कळलं नाही. ती गुडघ्यांवर आली आणि कपाळ जमिनीवर आपटू लागली. तोंडातून एकच आवाज येत होता, जनावराचा. जवळची दोन माणसं दगड हातात धरून थबकली. सरकारी बाई मातीत डोकं फोडून घेतेय, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. बाकीच्यांनी मात्र थांबायचं नाव घेतलं नाही. एक दगड तिच्या खांद्यात बसला. तेवढ्यात लक्ष्मीबाई धावत आली. तिनं भुवनेश्वरीला हात लावला नाही. तिच्यावर ओणवी होऊन, दोन्ही हात जमिनीला टेकून, आपल्या पाठीचं छप्पर करून उभी राहिली. चार दगड त्या पाठीवर पडले. दर दगडाला ती नुसती "हं" करायची. शेवटचा दगड तिच्याच दिराच्या हातचा होता.

पोलिसांनी मारून पांगवलं तेव्हा रान फुफाट्यानं भरलं होतं. धुळाप्पाला आणि कृष्णराजला वेगवेगळ्या गाड्यांत धाराशिवला नेलं. भुवनेश्वरी पोलीस गाडीत तोंडावर ओढणी घेऊन तासभर बसली. बाई पोलिसानं पाणी पुढं केलं, तिनं ते बाजूला ठेवलं. तासानं तिनं वहीत लिहिलं : 'दोन नोंदी राहिल्या. काठी धराल का?'

बाई पोलिसानं काठी धरली. रक्तानं चिकट झालेली मूठ तिनं आधी मातीनं पुसली. भुवनेश्वरीनं दोन नोंदी घेतल्या, त्यातली एक चुकली म्हणून पुन्हा घ्यावी लागली. मग ती वाकून ओकली आणि गाडीत जाऊन बसली. लक्ष्मीबाई बांधावर बसून होती, पाठीवरचं लुगडं फाटलेलं. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं नाही.

या वेळी तिनं सव्वीस दिवस वाट पाहिली नाही. दुसऱ्याच दिवशी रजेचा अर्ज दिला, नकाशा खोलीवर बसून पुरा केला, आणि वडिलांना बोलावून घेतलं. पाच आठवडे ती बोलली नाही. पण जेवली, अंघोळ केली, आणि तिसऱ्या आठवड्यात गिरिजाबाईबरोबर बसून शेंगा फोडल्या. नकाशा दोन्ही घरांना पोस्टानं गेला. कृष्णराजनं डाव्या हातानं पोचपावतीवर सही केली. नवा बांध लक्ष्मीबाईनं स्वतः उभं राहून घालून घेतला. दिराशी तिनं बोलणं टाकलं. खुनाचा खटला अजून चालू आहे. भुवनेश्वरीची साक्ष झाली. बलभीमच्या बाजूच्या वकिलानं बापाला उकरून आणण्याचं वाक्य गाळायला सांगितलं होतं, कृष्णराजच्या माणसांनी पहिल्या दोन घावांमधला वेळ विसरायला, कारण तेवढ्यात त्याला थांबता आलं असतं. तिनं दोन्ही सांगितलं. त्या आठवड्यात तिच्या खोलीच्या खिडकीची काच कुणीतरी फोडली. कुणी, ते कळलं नाही.

फेब्रुवारीत चारुशीला मॅडमनी तिच्यापुढं आणखी एक फाइल ठेवली. सख्खे भाऊ, विहिरीवरून कुऱ्हाडी निघालेल्या. "तुझ्यावर लोकांचा भरवसा बसलाय," मॅडम म्हणाल्या. "तुझ्याशिवाय हे कुणाला जमणार?"

भुवनेश्वरीनं फाइल उघडली नाही. "नाही," ती म्हणाली.

"नाही म्हणजे?"

"भांडणाचं रान घेणार नाही. बाकी सगळं करीन."

"बढतीच्या वेळी हे कागदावर येईल."

"येऊ द्या."

दहा वर्षांत या बाईच्या तोंडून मॅडमनी नकार ऐकला नव्हता, आणि त्यांना तो आवडला नाही. त्यांनी फाइल ओढून घेतली, अनिरुद्धला हाक मारली, आणि जरा वेळानं वेगळाच कागद पाठवला : ईट गावात एका शाळेचं मैदान मोजायचं होतं. हरकत कुणाची नव्हती.

भुवनेश्वरी आणि धुळाप्पा भूमला जाणाऱ्या एसटीनं निघाले. धुळाप्पाच्या टाळूवर अकरा टाक्यांची वाकडी शिवण होती. तिथं पुन्हा केस उगवले नव्हते. शाळेला सुट्टी होती. मैदानावर एक शेळी चरत होती. यंत्र टेकवलं, नोंद लागेपर्यंत दोघं उभे राहिले.

"ताई, एक इचारू?" धुळाप्पा म्हणाला. "त्या दिवशी कृष्णराजनं इचारलं तवा आकडा सांगितला नसता, तर वाचला असता का बलभीम?"

तिनं विचार केला. खराच विचार केला, शेळी कुंपणापर्यंत जाऊन परत येईपर्यंत.

"माहीत नाही," ती म्हणाली. "मामा, काठी जरा सरळ धरा."

धुळाप्पानं काठी सरळ धरली.